कातर रे भाजी!

पणजीला मांडवीच्या काठाने फिरायला निघालेल्या माणसाचे पाय जुन्या आदिलशाही राजवाड्याशेजारी क्षणभर थबकतातच. तेथे एका चौथऱ्यावर लांब झगा घातलेला एक पाद्री उभा आहे. त्याचे दोन्ही हात पुढे पसरलेले आहेत आणि त्या हातांच्या पुढ्यात एक स्त्री मागे कलंडत चाललेली आहे. मालवण-वेंगुर्ल्याकडचा नवखा माणूस हे शिल्प पाहून दचकतो आणि सोबत्याला हळूच विचारतो, ‘‘ह्यो त्या बायलमाणसाक काय करता?’’

प्रश्न रास्त आहे. हा पाद्री त्या स्त्रीला काहीच करीत नाही, असे त्याचे स्वतःचेच म्हणणे होते. आणि त्या म्हणण्यातच त्याचे सारे मोठेपण साठविलेले आहे. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविलेला हा पुतळा १९४५ साली उभा राहिला. पुतळा आहे जुझे कुस्तोदियु द फारिया याचा. जग त्याला आबे फारिया या नावाने ओळखते. संमोहनाला जादूटोण्याच्या पेटाऱ्यातून बाहेर काढून मानसशास्त्राच्या उंबरठ्यावर आणून बसविणारा हा पहिला माणूस आपल्या शेजारचा, नदीपलीकडचा होता. आणि त्याच्या आयुष्याला वळण लावणारे वाक्य आपल्या घरातल्या कोणत्याही आजीला दुभाष्यावाचून समजावे असे होते.

फारियाचा जन्म १७५६ च्या मे महिन्यात बारदेशातील कांदोळी येथे, आजोळी झाला. वडील कायतान व्हितोरिनो द फारिया हे कोलवाळचे. त्यांच्या घराण्याचा मूळ पुरुष अनंत शेणवी हा सारस्वत ब्राह्मण असून सोळाव्या शतकात तो ख्रिस्ती झाला, अशी त्या घराण्याची परंपरा सांगते. कोलवाळ शापोरा नदीच्या काठी वसले आहे. ज्या काळाविषयी आपण बोलत आहो त्या काळी नदीच्या अलीकडे पोर्तुगीजांचा अंमल होता, तर पलीकडे पेडण्यात वाडीकर सावंतांची सत्ता होती. राज्ये दोन असली तरी दोन्ही तीरांवर पेज तीच, सुके मासे तेच आणि तोंडची बोलीही थोड्या हेलाच्या फरकाने तीच.

मूल लहान असतानाच आईबापांचे पटेनासे झाले. त्यांनी चर्चच्या संमतीने विभक्त होऊन दोघांनीही धर्माची वाट धरली. आई रोझा मारिया जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठात जोगीण झाली आणि वडील पाद्री झाले. मुलाचे घर मोडले ते असे. १७७१ च्या फेब्रुवारीत पंधरा वर्षांच्या या मुलाला घेऊन बाप लिस्बनच्या जहाजात चढला. जहाज नोव्हेंबरात पोहोचले. नऊ महिने भोवती पाणी आणि सोबतीला एक बाप, एवढेच त्या मुलाचे जग होते. बाप मोठा महत्त्वाकांक्षी व खटपट्या होता. मुलाला त्याने रोमला शिकविले. १७८० मध्ये जुझे तेथे पाद्री झाला, धर्मशास्त्राचा पंडित झाला आणि लिस्बनला परत आला.

आता तो प्रसिद्ध प्रसंग. तो परंपरेने चालत आलेला आहे, तेव्हा परंपरा सांगते तसाच सांगतो.

पोर्तुगालची राणी मारिया पहिली हिच्यापुढे राजप्रासादाच्या चॅपलात प्रवचन करण्याची पाळी या गोंयकार तरुणावर आली. समोर राणी, तिच्या मागे सरदार, बिशप, रेशीम आणि रत्ने यांची आरास. वर व्यासपीठावर सावळ्या वर्णाचा, वसाहतीतून आलेला, परक्या भाषेत बोलू पाहणारा एक पोर. त्याने समोर पाहिले मात्र, त्याची वाचाच बसली. पाठ केलेले सारे पार पुसले गेले. जीभ टाळूला चिकटली, पाय थरथरू लागले आणि दरबारात कुजबुज सुरू झाली. व्यासपीठाच्या पायथ्याशी बाप बसला होता. त्याने वर पाहिले आणि दबक्या पण करड्या आवाजात, पोर्तुगीज नव्हे, लॅटिन नव्हे, तर घरच्या बोलीत तो म्हणाला :

‘‘ही सगळी भाजी! कातर रे भाजी!’’

आणि पोराची भीती वाऱ्यावर उडून गेली. त्याचा आवाज मोकळा झाला आणि प्रवचन झकास वठले. पण त्याच्या मनात मात्र त्या दिवसापासून एक प्रश्न घर करून बसला. बापाच्या तोंडच्या चार शब्दांत असे काय होते, की क्षणापूर्वी दगड झालेले माझे शरीर पुन्हा माझे झाले? हा प्रश्न तो जन्मभर सोडवीत राहिला, असे त्याचे चरित्रकार म्हणतात.

वाचकहो, या चार शब्दांपाशी आपण जरा थांबू या. आमच्या मालवणी मुलखात बोलणे तिखट असते, ही गोष्ट जगजाहीर आहे. माया आणि शिवी येथे एकाच ताटात वाढली जाते. घरातले कोणी खचून कोपऱ्यात बसले, की ‘‘उठ, काय मेल्यासारखो बसलंस?’’ असे त्याला म्हणणे हाच आमच्याकडे पहिला उपचार. माणूस तेवढ्याने उठला नाही, तर दुसरा उपचार म्हणजे ‘‘ह्याका रत्नागिरीक पाठवूक व्हया!’’ कारण रत्नागिरी म्हणजे तेथील वेड्यांचे इस्पितळ, हे समीकरण लहान पोरालाही ठाऊक असते. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली रत्नागिरीपासून वेगळा झाला, पण हा टोमणा काही वेगळा झाला नाही. आणि ही फारियाची गोष्ट ऐकली, की आमचा माणूस मान डोलावून म्हणतो, ‘‘बघा, बापसाच्या एका फटक्याबरोबर झिल सुधारलो की नाय!’’

तेव्हा प्रश्न असा, की कठोर बोलाने खचलेले मन खरोखर उभे राहते काय? राहत असेल, तर कोणत्या बोलाने? या प्रश्नाचे उत्तर फारियाच्याच चरित्रात शोधण्यासारखे आहे. कारण त्याच्या कथेत कठोरपणाचे तीन नमुने आहेत, आणि तिन्हींचे परिणाम तीन तऱ्हांचे आहेत.

पहिला नमुना बापाचा. त्याचे शब्द नीट तोलून पाहा. त्याने मुलाला भाजी म्हटले नाही; दरबाराला म्हटले. ‘तू भित्रा आहेस, तू आमचे नाक कापलेस’ असे तो म्हणाला असता, तर ते पोर व्यासपीठावरच कोसळले असते. बापाची सुरी मुलावर चाललीच नाही. मुलाच्या डोळ्यांपुढे जो राणीचा बागुलबुवा उभा होता, त्याच्यावर ती चालली. दुसरे असे, की वाक्य घरच्या बोलीतले होते. त्या अफाट परक्या दालनात एका क्षणात कोलवाळचे स्वयंपाकघर उघडले, आडाळ्यावर बसलेली कोणी बाई दिसली, तांबड्या भाजीची जुडी दिसली. तिसरे, त्याने नुसता धीर दिला नाही, हाताला काम दिले : कातर! आणि चौथे, सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे बोलणारा कोण होता? नऊ महिन्यांच्या समुद्रात ज्याच्याशिवाय दुसरे कोणी नव्हते, तो. त्या करड्या आवाजामागे सारे आयुष्य उभे होते.

कुरुक्षेत्रावर गळून बसलेल्या अर्जुनालाही श्रीकृष्णाने पहिला शब्द दिला तो गोंजारण्याचा नव्हे, टोचणारा होता. पण टोचणारा रथावर त्याच्या शेजारीच बसला होता, त्याचेच घोडे हाकीत होता, आणि तो एक शब्द टोचून पुढे अठरा अध्याय समजावीत बसला, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. टोचणे आपण उचलतो आणि अठरा अध्याय सोडून देतो.

दुसरा नमुना त्या राणीचाच आहे, आणि दैवाची लीला अशी, की तो अधिक करुण आहे. जिच्या नुसत्या दर्शनाने फारियाची वाचा बसली, त्या राणी मारियाचे स्वतःचे मन थोड्याच वर्षांत ढासळले. १७८६ मध्ये तिचा पती वारला, १७८८ मध्ये थोरला मुलगा देवी येऊन गेला आणि त्याच वर्षी तिचा धर्मगुरूही गेला. शोकाने व नरकाच्या भयाने तिला ग्रासले आणि १७९२ पर्यंत राज्यकारभार पाहणे तिला अशक्य झाले. तेव्हा इंग्लंडहून डॉक्टर फ्रान्सिस विलिस याला पाचारण करण्यात आले. तीनचार वर्षांपूर्वी इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याला वेडातून बरे केल्याची त्याची कीर्ती होती. त्याची रीत धाकाची होती. जखडून टाकणारा अंगरखा, बांधून ठेवण्याची खुर्ची, कातडीवर फोड उठविणारे लेप आणि रोग्याला जरबेत ठेवणारी नजर ही त्याची हत्यारे होती. जॉर्ज राजा त्या वेळी बरा झाला खरा, पण पुढे त्याचा आजार पुनःपुन्हा उलटला. राणी मारिया तर बरी झालीच नाही. नेपोलियनच्या सैन्यापुढून दरबार ब्राझीलला पळाला तेव्हा तिलाही जहाजावर चढविण्यात आले आणि १८१६ मध्ये रिओ द जानेरो येथे तिने देह ठेवला.

भाजी कातरण्याचा मंत्र देणारे असे तिला कोणी नव्हते. कदाचित असते तरी तेवढ्याने भागले नसते, कारण सभेत पाय लटपटणे वेगळे आणि मन आजारी पडणे वेगळे. पहिले ही भीतीची लाट असते, एका धक्क्यासरशी ती ओसरू शकते. दुसरे हे दुखणे असते. मोडलेल्या पायाला ‘चाल’ म्हणून दरडावल्याने हाड सांधत नाही, तसेच हे आहे. ही गल्लत न करणे हा शहाणपणाचा पहिला धडा.

इकडे फारियाचे काय झाले? १७८७ साली गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध पिंटोंचा कट उघडकीस आला. त्याच्या धाग्यादोऱ्यांत या पितापुत्रांचेही नाव गोवले गेले आणि १७८८ मध्ये फारियाने लिस्बन सोडून पॅरिस गाठले. पुढल्याच वर्षी तेथे राज्यक्रांतीचा वणवा पेटला. या विलक्षण पाद्र्याने त्यातही उडी घेतली. १७९५ च्या पॅरिसमधील उठावात राष्ट्रसभेवर चालून गेलेल्या एका तुकडीच्या अग्रभागी तो होता. पुढे १८११ मध्ये मार्सेयच्या विद्यालयात तो तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक झाला, तेथून नीमला गेला आणि १८१३ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावर त्याने ‘स्वच्छ निद्रे’वर जाहीर व्याख्याने व प्रयोग सुरू केले. प्रवेशमूल्य ५ फ्रँक.

त्या काळी युरोपात मेस्मरच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’चे वेड होते. माणसाच्या शरीरातून एक अदृश्य द्रव वाहतो, तो अडला की रोग होतो आणि कुशल चुंबकविद्याधर तो हाताने फिरवून रोग घालवितो, असे ते मत. १७८४ मध्ये फ्रेंच राजाने नेमलेल्या समितीने, जिच्यात बेंजामिन फ्रँकलिन व लाव्हाझिये होते, हा द्रव खोटा ठरविला आणि सारा परिणाम कल्पनेचा आहे असे सांगून प्रकरण मिटविले. पण ‘कल्पनेचा’ म्हणजे काय, हे कोणी विचारले नाही. ते विचारले फारियाने. तो माणसाला आरामखुर्चीत बसवी, डोळे मिटायला सांगे, झोपेचाच विचार कर म्हणे आणि मग खणखणीत आवाजात आज्ञा करी : ‘झोप!’ पुष्कळजण झोपत. पाच हजारांहून अधिक माणसांना आपण असे झोपविले, असे त्याने लिहिले आहे. आणि झोपविल्यावर तो काय सांगे? माझ्या हातात काही नाही, माझ्या अंगातून काही वाहत नाही. कारण आहे ते झोपणाऱ्याच्याच मनात. मी फक्त दार ठोठावतो. रक्त पातळ असणारी माणसे लवकर झोपतात, यासारखी त्याची काही मते आज टिकत नाहीत. पण हा मूळ सिद्धांत टिकला. लिस्बनच्या व्यासपीठावर आपल्या बाबतीत घडले ते बापाच्या जादूने नव्हे, आपल्याच आत दडलेल्या शक्तीने, हा त्या रात्रंदिन प्रश्नाचा जणू उलगडाच होता.

आता तिसरा नमुना पाहा. पॅरिस हे फार हसणारे शहर. सावळा वर्ण, परदेशी उच्चार, पाद्र्याचा झगा आणि समोर झोपी जाणाऱ्या स्त्रिया, एवढा ऐवज थट्टेला पुरेसा होता. इकडे धर्ममार्तंडांनी हे सैतानाचे कृत्य ठरविले, तिकडे मेस्मरच्या अनुयायांनी आपला द्रव नाकारणारा म्हणून त्याला दूर लोटले. एका नटाने त्याच्या प्रयोगात झोपेचे सोंग घेऊन ऐन वेळी डोळे उघडले आणि त्याची फजिती केली, असे सांगतात. १८१६ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी तिकडे राणी मारिया वारली त्याच वर्षी, पॅरिसच्या व्हारिएते नाटकगृहात ‘मान्येतिझ्मोमानी’ नावाचे प्रहसन रंगभूमीवर आले. पोतिये नावाच्या लोकप्रिय विनोदी नटाने त्यात फारियाची हुबेहूब नक्कल केली. सारे शहर खो खो हसले. व्याख्यानांची गर्दी आटली आणि दालन ओस पडले. साठीला आलेल्या या माणसाला पोटासाठी मुलींच्या एका वसतिशाळेत धर्मोपदेशकाची नोकरी धरावी लागली.

येथे ‘कातर रे भाजी’ म्हणणारा कोणी नव्हता. जे बोलत होते त्यांच्या मनात त्याच्याविषयी तिळमात्र ममता नव्हती. ज्या भीतीवर बापाने सुरी चालविली होती, त्या भीतीवर नव्हे, तर त्या माणसावरच या साऱ्यांच्या सुऱ्या चालत होत्या. तरीही फारिया मुका झाला नाही. जाहीर बोलण्याचे दार बंद झाले तेव्हा तो लिहायला बसला. ‘स्वच्छ निद्रेचे कारण’ या नावाच्या त्याच्या ग्रंथाचे चार भाग व्हायचे होते. १८१९ मध्ये पहिला भाग छापून झाला आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला फारिया वारला. माँमार्त्रच्या दफनभूमीत त्याला पुरले. थडग्यावर खूणही राहिली नाही.

टीकेने त्याला ग्रंथ लिहायला लावले, तेव्हा टीका हितकरच झाली, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो आवरला पाहिजे. प्रहसन करणाऱ्यांनी ग्रंथ लिहविला नाही; तो लिहविला चाळीस वर्षांपूर्वी बापाने आत पेरून ठेवलेल्या शब्दाने. थट्टेचा सोसाट्याचा वारा सुटला तेव्हा ज्या झाडाची मुळे आधीच खोल गेली होती, ते झाड कलले पण उन्मळले नाही. रोपट्यावर तोच वारा सोडून ‘बघू या जगते का’ म्हणणारा माळी शहाणा नव्हे.

पुढे काळाने न्याय केला. नॅन्सी येथील लिएबो व बेर्नहाइम या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सूचनेचा सिद्धांत उभा केला, तेव्हा त्याचा पाया फारियाने घातल्याचे बेर्नहाइमने मोकळेपणाने मान्य केले. तत्पूर्वीच अलेक्झांडर द्यूमाने ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ या कादंबरीत एका अंधारकोठडीतल्या पाद्र्याला त्याचे नाव देऊन अमर केले होते. गंमत पाहा, त्या कादंबरीतही तुरुंगाचे अधिकारी फारियाला वेडा समजतात आणि तोच वेडा आत्महत्येच्या काठावर आलेल्या तरुण कैद्याला शिकवून माणसात आणतो. खऱ्या फारियाचे चरित्र धुंडाळून १९०६ मध्ये जगापुढे मांडले ते डॉक्टर दाल्गादो या गोमंतकीयानेच. याच दाल्गादोंनी १८९८ साली गोवा व सावंतवाडी येथील वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. आमच्या रानातल्या पाल्याला नाव देणाऱ्या हातांनीच शेजारच्या या विसरलेल्या माणसाला त्याचे नाव परत मिळवून दिले. गोव्यातील मनोरुग्णालयालाही पुढे फारियाचे नाव देण्यात आले. भाजी कातरण्याच्या मंत्राला याहून योग्य देऊळ कोणते?

राहता राहिला आमचा घरगुती प्रश्न. त्याचे उत्तर विसाव्या शतकात लंडनला जॉर्ज ब्राउन या संशोधकाने मोठ्या चिकाटीने शोधले. इस्पितळातून बरे होऊन गेलेले मनोरुग्ण पुन्हा आजारी का पडतात, हे तो पाहत होता. त्याने रुग्णांच्या घरी बसून घरची माणसे कशी बोलतात ते ऐकले. किती वेळा टोचतात, किती वेळा दोष देतात, किती वेळा अति काळजीने जीव नकोसा करतात, याची नोंद केली. १९७२ साली त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्या घरांत असे टोचणे फार, तेथील ५८ टक्के रुग्णांचा आजार नऊ महिन्यांत उलटला. जेथे ते कमी, तेथे अवघ्या १६ टक्क्यांचा. पुढे चंडीगडला तशीच पाहणी झाली तेव्हा आपल्याकडील घरांत टीकेचे बोल लंडनच्या मानाने पुष्कळच कमी आढळले. ही आपल्या एकत्र घराची, पडवीत दोन घटका शांत बसू देण्याच्या रीतीची पुण्याई म्हणावी लागेल. ती पुण्याई ‘रत्नागिरीक पाठवूक व्हया’ म्हणून आपणच उधळावी काय?

म्हणून दिवाळीला मुंबईहून, दुबईहून माणसे घरी येतील, ओटीवर गर्दी होईल, फटाके वाजतील. त्या गर्दीत एखादा मुलगा किंवा सून किंवा म्हातारे काका कोपऱ्यात गप्प बसलेले दिसले, तर बोलण्यापूर्वी कोलवाळच्या त्या बापाची आठवण करावी. माझ्या शब्दाची सुरी याच्या भीतीवर चालणार आहे की याच्यावर? याच्या हाताला मी काही काम देतो आहे, की नुसता दोष? आणि बोलून झाल्यावर मी याच्या शेजारी बसणार आहे, की पुढच्या खोलीत पत्ते कुटायला जाणार आहे? तिन्हींची उत्तरे नीट आली, तर शब्द कितीही तिखट असो, बिनधास्त बोलावे. नाही आली, तर गप्प बसावे, कपभर चहा पुढे करावा. आणि ते गप्प बसणे महिनोन्महिने लांबले, जेवणखाण, झोप सुटली, तर टोमणा न मारता डॉक्टरकडे न्यावे. रत्नागिरीला नेणे ही शिवी नव्हे. तो उपचार आहे.

मांडवीच्या काठावर ब्राँझचा फारिया अजून हात पसरून उभा आहे. पुढल्या खेपेला तिकडून जाताना नीट पाहा. त्याचे हात त्या बाईला ढकलीत नाहीत. ते तिच्यापासून थोड्या अंतरावर थांबलेले आहेत.